नळकांडी पुलावरचा पाऊस

शिवकांताच्या टीव्हीवर रडार आलं ते कुरडयांमुळं. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर घातलेलं सगळं वाळवण अवकाळी पावसानं तासाभरात चिखल करून टाकलं, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. लेक रुद्राणी अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजात, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. दिवाळीला घरी आली तशी तिनं टीव्हीत एक ॲप घालून दिलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आता सगळा बीड जिल्हा दिसायचा आणि त्यावर पाऊस. हिरवा म्हणजे भुरभुर, पिवळा म्हणजे जोराच्या सरी, लाल म्हणजे वादळ, गारा. पाच-पाच मिनिटांनी चित्र बदलायचं. रिमोटचं मधलं बटण दाबलं की तासाभरात ढग कुठून कुठं गेले ते पळताना दिसायचं, आणि वरचं बटण दाबत गेलं की गावं, रस्ते, ओढे जवळ येत जायचे.

आठवड्यात शिवकांता पटाईत झाली. समोरची चंद्रभागाबाई ओट्यावरूनच विचारायची, "शिवकांता, बघ बाई तुझ्या टीव्हीत. डाळ उचलू का राहू दिऊ?"

"राहू द्या. धारूरकडं हाय. इकडं यायचा न्हाई."

आणि तो यायचा नाही. सिरसाळ्याच्या त्या गल्लीत तिचा शब्द चालायला लागला होता.

एप्रिलातल्या त्या मंगळवारी तिचे यजमान ईश्वरप्पा सकाळीच स्कूटरवर अंबाजोगाईला गेले होते. रुद्राणीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि धुतलेल्या चादरी पोचवायच्या होत्या. बी-बियाणाचं दुकान त्यांनी एका दिवसासाठी बंद ठेवलं होतं. दुपारी चारच्या सुमाराला शिवकांता गच्चीवरून खाली आली. ऊन होतं, पण मळकट. वारा पडलेला. गल्लीतल्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. कुरडयांना अजून एक ऊन हवं होतं. तिनं पदरानं मान पुसली, पंखा लावला आणि टीव्ही सुरू केला.

माजलगावच्या अंगाला चार-पाच हिरवे ठिपके होते. ते निवांत परभणीकडं निघाले होते. काळजीचं काही नव्हतं. ती रिमोट खाली ठेवणार, तेवढ्यात तिला परळी-सिरसाळा रस्त्यावर आणखी एक ठिपका दिसला. मसुरीच्या दाण्याएवढा. मधोमध लाल.

तिनं मधलं बटण दाबलं. तासाभराचं चित्र पळालं. सगळे ठिपके सरकले, लांबले, विरले. तो एकटा जागचा हलला नाही.

न हलणारा ठिपका दिसला तर तो पाऊस समजू नको, असं रुद्राणीनं सांगितलं होतं. डोंगर असतो किंवा टॉवर, आणि मशीन फसतं. शिवकांतानं वरचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. रस्ता जवळ आला, त्याला आडवा जाणारा ओढा जवळ आला, आणि ठिपका नेमका कुठं आहे ते दिसल्यावर तिचं बोट बटणावरच राहिलं.

नळकांडी पूल. ओढ्यात सिमेंटच्या दोन नळ्या टाकून वरून रस्ता नेलेला, एवढाच तो पूल. तिथं डोंगर नव्हता. टॉवर नव्हता. पुलापासून हाकेच्या अंतरावर पूर्वी त्यांचा आखाडा होता, शेतातलं दोन खोल्यांचं घर. लग्नानंतरची तीन वर्षं तिनं तिथं काढली होती. आता तिथं नुसतं रान होतं. बसनं परळीला जाताना पूल आला की ती डोळे मिटून घ्यायची. ईश्वरप्पांना वाटायचं, हिला गाडी लागते.

तिनं फोन लावला.

"कुठं हाव तुमी?"

"परळीत. चहा घ्यायलोय. कावून?"

"जरा थांबा तिथंच. वाटंत पाऊस दिसायलाय. नळकांडी पुलावर."

ईश्वरप्पा हसले. "अगं, आभाळात कापसाएवढा ढग न्हाई."

"लाल दाखवायलंय."

"मशीन हाय ते, चुकतंय. निघालोच मी. अर्ध्या-पाऊण तासात घरी."

फोन ठेवल्यावर तिनं चहा टाकला आणि गॅस बंद करायला विसरली. चहा उतू गेला त्याच्या वासानं ती भानावर आली. परत येऊन बघितलं, तर ठिपका तिथंच. आता त्याचा हिरवा काठ गेला होता. नुसता लाल उरला होता.

पाच वाजायला दहा कमी असताना ईश्वरप्पांचाच फोन आला. त्यांचा आवाज खाली होता, शेजारी कुणी झोपलेलं असल्यासारखा.

"पुलावर आलोय. थेंब न्हाई इथं. रस्ता कोरडा ठाक हाय. पण… एक बाई उभी हाय गं."

"कसली बाई?"

"चिंब भिजल्याली. केसातून पाणी गळायलंय. उभी हाय तिथं खाली थारोळं झालंय पाण्याचं. सिरसाळ्याला सोडा म्हणती. लई काकडायलीय बिचारी. घेतो मागं."

घेऊ नका, असं तिला म्हणायचं होतं. तोवर फोन बंद झाला होता.

ती टीव्हीसमोर खाली फरशीवर बसली. चित्र बदलायची वाट बघताना पंख्याचा आवाज तिला सहन होईना, म्हणून तिनं तो बंद केला. चित्र बदललं. दुपारपासून न हललेला ठिपका पूल सोडून पुढं आला होता. आणखी पाच मिनिटं. रस्ता डावीकडं वळतो तिथं ठिपकाही वळला होता. ढगाला रस्त्याशी काय करायचं? वारा पडलेला असताना तो कशाच्या जोरावर चालला होता? माजलगावचे ढग पूर्वेला निघाले होते. हा स्कूटरच्या चालीनं सिरसाळ्याकडं येत होता.

बावीस वर्षांपूर्वीही असाच वारा पडला होता. रुद्राणी दोन महिन्यांची. ईश्वरप्पा लातूरला माल आणायला गेलेले. आखाड्यावर ती आणि तान्ही पोर, दोघीच. दुपारीच अंधारून आलं आणि पत्र्यावर गारा पडायला लागल्या. लिंबाएवढ्या. त्या आवाजात पोर रडत होती ते तिला नुसतं तोंड बघून कळत होतं. आणि मग दार वाजलं.

"ताई… दार उघडा वो. लई गारा पडायल्यात."

बाईचा आवाज. पण त्या साली रानातल्या घरांवर चोऱ्या होत होत्या, आणि बाईला पुढं करून दार उघडायला लावतात असं सगळे सांगायचे. शिवकांता पोरीला छातीशी धरून दाराला पाठ लावून बसली. पाठीला एकेक थाप लागत होती. बाई विनवत होती, रडत होती, मग नुसतं "ताई, ताई" करत होती. मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या नळीत बाई सापडली. ऊसतोडीहून परतणाऱ्या टोळीतली, साखराबाई नावाची. गारांत टोळी वाट फुटेल तिकडं पळाली, ही मागं राहिली, ओढ्याला लोंढा आला. लोकांनी हळहळ केली. शिवकांतानंही केली. दाराचं तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

चित्र पुन्हा बदललं. ठिपका निम्म्या वाटेवर. तिनं फोन लावला. बराच वेळ वाजला.

"बोल," ईश्वरप्पा म्हणाले. गाडी थांबवल्याचा आवाज आला.

"ती… हाय का मागं?"

"हाय की."

"काही बोलली?"

"कुठं जायचं इचारलं, तर तुमच्याच घरी म्हणली. पाव्हणी हाय का कुणी आपली?" ते थांबले. "लई गार लागायलंय गं पाठीला. शर्ट पार भिजून गेला. हात आखडले माझे."

"उतरवा तिला. माझं ऐका. तिथंच उतरवा."

"असं कसं उतरवू बाईमाणसाला मधीच…" मग त्यांचा आवाज लांब गेला. "काय म्हणता? हिच्याशी? घ्या, बोला."

फोनमधून आधी गारांचा आवाज आला. पत्र्यावर पडणाऱ्या. त्या रस्त्यावर मैलभर पत्रा नव्हता. त्या आवाजातून मग एक बाई बोलली, दमलेली, अजिबात न रागावलेली.

"ताई… आता तरी कडी काढता का?"

शिवकांताच्या हातातून फोन गळून पडला.

तिनं दाराकडं बघितलं. दार लोटलेलं होतं. ती उठली आणि पहिल्यांदा तिनं काय केलं असेल, तर कडी घातली. वरची घातली, खालची घातली, आणि बावीस वर्षांपूर्वी बसली होती तशीच दाराला पाठ लावून बसली. गळ्यातलं इष्टलिंग तिनं मुठीत धरलं. ते घामानं निसटत होतं. पडद्यावर ठिपका गावाच्या वेशीपाशी आला होता. आता दार बंद ठेवलं तर बाई बाहेर राहील आणि तिच्याबरोबर आपला माणूसही. पण तिला उठवलं ते ह्या हिशेबानं नाही. तिला एवढंच जाणवलं की पाठीवर पुन्हा तशी एक जरी थाप लागली, तर आपण ह्या जागेवरून जिवंत उठणार नाही.

तिनं दोन्ही कड्या काढल्या. दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या आणि उंबऱ्यात उभी राहिली.

स्कूटरचा आवाज यायच्या आधी तिच्या डोक्यावरच्या पन्हाळीतून पाणी वाहायला लागलं. ओटा भिजला. समोर चंद्रभागाबाईच्या दारात ऊन पडलं होतं. तिची डाळ सुपात तशीच कोरडी होती आणि ती तोंडाला पदर लावून इकडं बघत होती. पाऊस शिवकांताच्या घराएवढाच होता.

ईश्वरप्पा आले. स्कूटर लावून वळले तेव्हा त्यांचा चेहरा कोरडा होता, छाती कोरडी होती; पाठ तेवढी चिंब भिजली होती. मागची सीट रिकामी होती.

"कुठं उतरवली तिला?" शिवकांतानं विचारलं.

ईश्वरप्पांनी तिच्याकडं नवलानं बघितलं. "इथंच की. आत्ता तर गेली आत."

"आत?"

"तुझ्या शेजारून. तूच तर सरकून वाट दिली तिला."

शिवकांतानं खाली बघितलं. ती उंबऱ्याच्या मधोमध उभी राहिली होती. आता तिचा खांदा चौकटीला टेकलेला होता.

फरशीवर ओली पावलं होती. दारातून माजघरात, माजघरातून आतल्या खोलीपर्यंत. परतीची नव्हती. खोलीत कुणी नव्हतं. कोपऱ्यात, जिथं भिंतीला टेकून एखादी बाई बसली असती, तेवढी जागा ओली होती, आणि खोलीभर ओल्या मातीचा, उसाच्या पाचटाचा वास होता.

शिवकांता त्या कोपऱ्यासमोर बसली आणि सगळं बोलली. कोपऱ्याशी बोलली, पण ईश्वरप्पा दारात उभे राहून ऐकत होते. गारा, थापा, कडी. ती म्हणाली, "माझं चुकलं. मला भ्या वाटलं. मी दाराशीच होते, मला सगळं ऐकू येत होतं." मग तिनं धुतलेलं लुगडं घडी करून तिथं ठेवलं, भाकरी ठेवली, तांब्याभर पाणी ठेवलं.

ईश्वरप्पा तिच्या शेजारी येऊन बसले. ओला शर्टही त्यांनी बदलला नव्हता.

"बावीस वर्षं तू हे एकटीनं धरून बसलीस," ते म्हणाले.

"सांगायचं कसं?"

"मी असतो तर मी तरी उघडलं असतं का… सांगता येत न्हाई."

दिवस मावळायच्या आत पन्हाळ थांबली. पडद्यावर सिरसाळ्यावरचा ठिपका हिरवा झाला, फिकट झाला आणि गेला. कोपरा सकाळपर्यंत वाळला. दोघांनाही वाटलं, सुटलो.

तरी साखराबाईच्या माणसांना एकदा तोंड दाखवावं, असं शिवकांताच्या मनानं घेतलं. गावचे जुने पोलीस पाटील सुंदरराव, त्यांना बाईचं गाव आठवत होतं. बीडजवळचं पाली, बिंदुसरा नदीच्या धरणाच्या अलीकडं. शुक्रवारी सकाळी दोघं बसनं गेली. साखराबाईची बहीण सुभद्राबाई घरीच होती. साठीची, ऊस तोडून तोडून बोटं वाकडी झालेली. शिवकांतानं तिच्यासमोर काही राखून ठेवलं नाही.

सुभद्राबाईनं ऐकून घेतलं. रागावली नाही. पदराचा काठ चोळत राहिली.

"तुमी लेकुरवाळ्या, एकट्या. काय म्हणावं तुमाला." मग तिनं विचारलं, "आन् पोरगी?"

"कोण पोरगी?"

"साखरीची. चार वर्षांची व्हती. आईचं बोट सोडायची न्हाई. टोळीला वाटलं, ती दुसऱ्या ट्रॅक्टरमधी असंल. घरी आल्यावर कळलं, न्हाई. लई हुडकलं वो. साखरी तेवढी घावली. पोरीचं काहीच घावलं न्हाई."

शिवकांताला एकदम ते ऐकू आलं. बाईच्या थापा तिच्या खांद्यांपाशी लागत होत्या. पण त्याच्याही खाली, अगदी कमरेपाशी, दाराच्या खालच्या फळीवर आणखी काहीतरी हळूहळू आपटत होतं. तेव्हा तिनं धरून घेतलं होतं की गारांना भिऊन शेळी दाराला अंग घासत असेल.

परतीच्या बसमध्ये ईश्वरप्पा खिडकीबाहेर बघत होते. तेलगाव गेल्यावर ते म्हणाले, "एक गोष्ट मी सांगितली न्हाई तुला. त्या दिवशी बाई मागं बसली आन् म्हणली, जरा थांबा, लेकरू येतंय. मी थांबलो. वळून दोनदा बघितलं. रस्त्यावर कुणीच न्हाई. मला वाटलं, तापात बरळायलीय. आन् मी गाडी काढली."

"ती काही म्हणली न्हाई?"

"न्हाई. पण सिरसाळा येईपर्यंत मागंच बघत व्हती."

घरी पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. शिवकांतानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. टीव्ही लावला, परळीचा रस्ता जवळ आणला, नळकांडी पूल जवळ आणला. पूल मोकळा होता. सिरसाळा मोकळं होतं. तिनं नकाशा लांब नेला, सगळा जिल्हा दिसेपर्यंत. कुठंच पाऊस नव्हता.

अंबाजोगाईवर मोहरीएवढा एक ठिपका होता.

तिनं तो जवळ आणला. गाव आलं, रस्ते आले, दवाखान्याच्या इमारती आल्या. त्यांच्या मागं मुलींचं हॉस्टेल. ठिपका त्यावर होता आणि हलत नव्हता.

ईश्वरप्पांनी रुद्राणीला फोन लावून दिला.

"आई? आत्ताच तुझी आठवण काढली होती," रुद्राणी म्हणाली. मागं एक आवाज होता. बारीक, थांबून थांबून येणारा.

"कुठं हायस तू?"

"रूमवर. दुपारची ड्यूटी नव्हती, झोपले होते. तुमच्याकडं पाऊस हाय का? आमच्याकडं खिडकीत लख्ख ऊन हाय, आन् दाराखालून मात्र पाणी आत यायलंय."

"कुणी हाय का तुझ्याजवळ?"

"न्हाई. पण बाहेर कुणाचं तरी लहान लेकरू हाय वाटतं. मघापासून दार वाजवायलंय… एकदम खालून. पेशंटचं असंल, चुकून वर आलं असंल." तिचा आवाज फोनपासून लांब गेला, परत जवळ आला. "रडत बी न्हाई बिचारं. उघडू का, आई?"

शिवकांतानं तोंड उघडलं. काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी सांगायलाच हवं होतं. ईश्वरप्पा तिच्याकडं बघत उभे होते. ती बोलणार, तेवढ्यात फोनमधून कडीचा आवाज आला.

कडी काढल्याचा की घातल्याचा, ते तिला कळलं नाही.